सर्ज चाचणीतील आंशिक विसर्जनाचा शोध

सर्ज चाचणीतील आंशिक विसर्जनाचा शोध ही विद्युत मोटर, जनित्र आणि तत्सम यंत्रांच्या गुंडाळ्यांचे निरोधन तपासण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत गुंडाळीला अतिशय वेगाने चढणाऱ्या उच्च दाबाचे क्षणिक आवेग दिले जातात. त्याच वेळी निरोधनातील सूक्ष्म पोकळ्यांत किंवा तारांमधील हवेच्या फटींत लहान लहान ठिणग्या पडतात काय, हे पाहिले जाते. अशा ठिणग्यांना आंशिक विसर्जन म्हणतात. कारखान्यांत व प्रयोगशाळांत ‘पार्शल डिस्चार्ज’ किंवा नुसते ‘पीडी’ हे नाव अधिक रूढ आहे.

निरोधन चाचणीच्या क्षणी टिकले की फुटले, एवढेच साधी सर्ज चाचणी सांगते. चाचणीत उत्तीर्ण झालेली मोटर काही महिन्यांतच जळाल्याची उदाहरणे घडतात, कारण आंशिक विसर्जनाने निरोधन एकदम फुटत नाही, हळूहळू झिजत जाते. ही झीज सुरू होण्याजोगी परिस्थिती गुंडाळीत आहे काय, याची पूर्वसूचना मिळवणे हा या पद्धतीचा हेतू होय.

गुंडाळीतील निरोधन

मोटरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, लोखंडी पत्र्यांच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. येथे निरोधनाला तीन ठिकाणी काम करावे लागते. एकाच वेटोळ्यातील शेजारशेजारच्या फेऱ्यांमधील निरोधन हे पहिले, वेगवेगळ्या फेजांच्या वेटोळ्यांमधील निरोधन हे दुसरे आणि तार व लोखंडी गाभा यांमधील निरोधन हे तिसरे.

कमी दाबाच्या मोटरमध्ये फेऱ्यांमधील निरोधन म्हणजे तारेवरचा एनॅमलचा पातळ थर होय. त्यावर वार्निश किंवा राळ चढवली जाते. राळ सर्व फटींत पोहोचली तर हवेला जागा उरत नाही; परंतु प्रत्यक्षात कोठेतरी बुडबुडा राहून जातो. उच्च दाबाच्या यंत्रांत अभ्रकाच्या पट्ट्या व इपॉक्सी राळ यांचे जाड निरोधन असते. त्यातही थरांमध्ये बारीक पोकळ्या राहू शकतात.

मेगर या नावाने परिचित असलेल्या उपकरणाने निरोधनाचा रोध मोजतात. त्या चाचणीत गुंडाळीतील सर्व फेऱ्या एकाच दाबावर असल्याने ताण फक्त तार व गाभा यांमध्ये पडतो. दोन फेऱ्यांमधील निरोधनाची परीक्षा मेगरने होत नाही. ती सर्ज चाचणीने होते.

आंशिक विसर्जनाचे स्वरूप

दोन वाहकांमधील निरोधनाचा संपूर्ण मार्ग न ओलांडता त्याच्या एखाद्या भागातच घडणारे विद्युत विसर्जन म्हणजे आंशिक विसर्जन. वाहकांमधील उरलेले निरोधन शाबूत असल्याने मोठा प्रवाह वाहत नाही, फ्यूज उडत नाही आणि यंत्र चालू राहते.

हे विसर्जन घन निरोधनापेक्षा पोकळीत आधी का होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, निरोधनाची एकूण जाडी १ मिलिमीटर आहे, त्याचा परावैद्युत स्थिरांक ४ आहे आणि त्यात ०.१ मिलिमीटर जाडीची चपटी पोकळी आहे. हवेचा परावैद्युत स्थिरांक जवळजवळ १ असल्याने पोकळीतील विद्युत क्षेत्र घन भागातील क्षेत्राच्या चौपट असते. त्यामुळे पोकळीने जाडीचा दहावा हिस्साच व्यापलेला असला, तरी एकूण दाबाचा सुमारे ३१ टक्के भाग तिच्या वाट्याला येतो. वाहकांमध्ये ४,००० व्होल्ट दाब असेल, तर पोकळीवर सुमारे १,२३० व्होल्ट पडतात. सामान्य वायुदाबाला ०.१ मिलिमीटर हवेचे भंजन साधारण १,००० व्होल्टच्या आसपास होते. म्हणजे पोकळीत ठिणगी पडते. भोवतीच्या घन निरोधनाला मात्र तेवढा दाब सहज सोसतो.

हवेच्या फटीचे भंजन किती दाबाला होते, हे फटीची रुंदी व वायुदाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हा नियम जर्मन भौतिकीविज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. या नियमानुसार भंजनदाबाला एक किमान मर्यादा आहे. एकसमान क्षेत्रातील हवेसाठी ती सुमारे ३२७ व्होल्ट असून सामान्य वायुदाबाला सुमारे ७.५ मायक्रोमीटरच्या फटीत गाठली जाते. फटीवर त्याहून कमी दाब असेल, तर फट कितीही अरुंद वा रुंद असली तरी तीत ठिणगी पडत नाही.

प्रत्येक विसर्जन काही नॅनोसेकंदांत संपते. तेवढ्या वेळात विद्युत प्रवाहाचा अतिशय अरुंद स्पंद, रेडिओ लहरी, अंधूक व बहुतांशी अतिनील प्रकाश आणि श्राव्यातीत ध्वनी निर्माण होतात. हवेतील ऑक्सिजनपासून ओझोन बनतो. नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात आणि ओलाव्याशी संयोग पावून त्यांचे नायट्रिक आम्ल होते. आयन व इलेक्ट्रॉन यांचा मारा आणि या रासायनिक द्रव्यांचा परिणाम यांमुळे पोकळीची भिंत खरवडली जाते. अभ्रक हा मारा दीर्घकाळ सोसते. एनॅमलसारखे सेंद्रिय निरोधन मात्र लवकर झिजते आणि शेवटी दोन फेऱ्या एकमेकींना भिडतात.

सर्ज चाचणी

सर्ज चाचणीची कल्पना जे. डब्ल्यू. रायलँडर यांनी १९२६ मध्ये मांडली. या चाचणीत एक धारित्र उच्च दाबाला भारित करून जलद स्विचाच्या साहाय्याने एकदम गुंडाळीशी जोडले जाते. आवेगाचा दाब साधारणतः मायक्रोसेकंदाच्या अंशात चढतो. वेगाने बदलणाऱ्या या प्रवाहामुळे फेरी व फेरी यांमध्ये नेहमीच्या चालू स्थितीपेक्षा कितीतरी अधिक दाब उत्पन्न होतो.

त्यानंतर धारित्र आणि गुंडाळी यांमध्ये ऊर्जा मागेपुढे होत राहते आणि पडद्यावर क्षीण होत जाणारी आंदोलने दिसतात. ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र आणि १० मिलिहेन्री प्रवर्तकता असेल, तर या आंदोलनांची वारंवारता सुमारे ५ किलोहर्ट्झ असते. काही फेऱ्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर प्रवर्तकता कमी होते, वारंवारता वाढते आणि तरंगाचा आकार डावीकडे सरकतो. तिन्ही फेजांचे तरंग एकमेकांवर ठेवून ते जुळतात काय, हे पाहतात. दाब टप्प्याटप्प्याने वाढवताना एखाद्या क्षणी तरंगाने अचानक उडी घेतली, तर त्या दाबाला फेऱ्यांमधील निरोधन फुटले असे समजतात.

जुन्या मोटरची जागेवर तपासणी करताना गुंडाळीच्या अभिहित दाबाची दुप्पट अधिक १,००० व्होल्ट, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. ४१५ व्होल्टच्या मोटरसाठी तो १,८३० व्होल्ट येतो.

तरंगातील उडी दिसायला फेऱ्यांमध्ये पूर्ण ठिणगी पडावी लागते. आंशिक विसर्जनाने प्रवर्तकतेत बदल होत नाही. त्यामुळे पडद्यावरचा तरंग जसाच्या तसा राहतो आणि तपासणारा मोटर निर्दोष ठरवतो.

दोन्ही चाचण्या एकत्र येण्याचे कारण

पूर्वी कमी दाबाच्या मोटरमध्ये आंशिक विसर्जनाची चिंता फारशी नव्हती. ५० हर्ट्झच्या सरळ पुरवठ्यावर दाब गुंडाळीत सारखा विभागला जातो आणि शेजारच्या दोन फेऱ्यांमधील दाब पाशेनच्या किमान मर्यादेच्या बराच खाली राहतो.

वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह प्रचारात आल्यावर परिस्थिती पालटली. ड्राइव्ह प्रथम प्रत्यावर्ती दाबाचे एकदिश दाबात रूपांतर करतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून सुमारे ५८५ व्होल्ट एकदिश दाब मिळतो. मग अर्धवाहक स्विच त्याचे तुकडे करून मोटरला देतात. प्रत्येक तुकड्याची कड १०० नॅनोसेकंदांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात चढते.

अशी कड केबलमधून जाऊन मोटरच्या टोकावर आपटली की तिचे परावर्तन होते आणि तेथील दाब जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १,१७० व्होल्टपर्यंत पोहोचू शकतो. केबलमधील लहरीचा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर धरला, तर १०० नॅनोसेकंदांच्या कडेसाठी सुमारे ७.५ मीटर लांबीची केबलही यास पुरेशी होते. शिवाय या तीव्र कडेचा मोठा वाटा गुंडाळीच्या पहिल्या काही फेऱ्यांवरच पडतो. हाताने किंवा यंत्राने तार कशीही भरलेल्या गुंडाळीत पहिली व शेवटची फेरी योगायोगाने शेजारी आलेली असेल, तर त्यांच्यामधील दाब हवेच्या फटीत विसर्जन सुरू होण्याइतका वाढतो. असे आवेग सेकंदाला हजारो येतात.

कारखान्यांतील पंप व पंखे, लिफ्ट, विद्युत वाहने आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाड्यांतील तीन-फेज मोटरी अशा सर्व ठिकाणी गुंडाळीला या आवेगांना तोंड द्यावे लागते. म्हणून ड्राइव्हवर चालणाऱ्या यंत्रांच्या निरोधनाची परीक्षाही तशाच आवेगांखाली करावी, हा विचार पुढे आला. सर्ज चाचणीतील आवेग ड्राइव्हच्या आवेगांशी मिळतेजुळते असल्याने तीच चाचणी चालू असताना आंशिक विसर्जन शोधणे सोयीचे ठरले.

शोधातील मुख्य अडचण

५० हर्ट्झच्या दाबाखाली आंशिक विसर्जन मोजणे तुलनेने सोपे आहे. दाब संथपणे बदलत असतो आणि विसर्जनाचे जलद स्पंद त्यापासून सहज वेगळे काढता येतात. एखाद्या स्पंदातील विद्युत भार किती, हे पिकोकूलोम या एककात सांगता येते. याची रीत आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्रज्ञान आयोगाच्या ६०२७० या मानकात दिलेली आहे.

सर्ज चाचणीत मात्र स्वतः आवेगच जलद असतो. ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र २,००० व्होल्टला भारित केले, तर त्यात २०० मायक्रोकूलोम, म्हणजे २० कोटी पिकोकूलोम भार साठतो. शोधायचे असते ते काहीशे पिकोकूलोमचे विसर्जन, आणि तेही बहुधा आवेग चढत असतानाच घडते. मेघगर्जना चालू असताना कुजबुज ऐकण्यासारखे हे काम आहे.

यातून वाट काढता येते ती दोहोंच्या वेगांतील फरकामुळे. एखाद्या स्पंदात कोणत्या वारंवारतेपर्यंत लक्षणीय ऊर्जा असते, याचा स्थूल अंदाज ०.३५ या संख्येला स्पंदाच्या चढण्याच्या काळाने भागून मिळतो. १०० नॅनोसेकंदांत चढणाऱ्या आवेगासाठी ही वारंवारता ३.५ मेगाहर्ट्झ, तर १ नॅनोसेकंदात चढणाऱ्या विसर्जनासाठी ३५० मेगाहर्ट्झ येते. म्हणून कमी वारंवारता अडवणारी व जास्त वारंवारता जाऊ देणारी तीव्र गाळणी लावली, तर आवेग मागे राहतो आणि विसर्जनाची खूण उरते. गाळणी पुरेशी तीव्र असावी लागते. कारण आवेग इतका प्रबळ असतो की त्याचा उरलेला अल्पांशही खऱ्या खुणेला झाकू शकतो.

शोधाची साधने

अँटेना : गुंडाळीजवळ काही अंतरावर ठेवलेली लहान अँटेना विसर्जनातून निघणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. तिचा चाचणी-मंडलाशी विद्युत संबंध येत नाही, हा तिचा मोठा फायदा होय. उघड्या स्टेटरवर ती चांगले काम देते. मोटर पूर्ण जोडलेली असेल, तर लोखंडी कवच लहरींना अडवते.

उच्च वारंवारतेचा प्रवाह-रोहित्र : चाचणीच्या किंवा भूसंपर्काच्या तारेभोवती फेराइटचे कडे बसवून त्यातून जाणारे जलद स्पंद टिपले जातात. बंद मोटरवरही त्याचा उपयोग होतो. मात्र आवेगाचा प्रवाह त्याच तारेतून जात असल्याने गाळणीवर अधिक भार येतो.

जोड-धारित्र : उच्च दाबाचे लहान धारित्र व रोधक यांची जोडणी गुंडाळीच्या टोकाशी करून त्यातून जलद स्पंद गाळणीकडे नेले जातात. काही सर्ज परीक्षकांत ही सोय उपकरणातच बसवलेली असते.

प्रकाशगुणक नलिका : अंधाऱ्या पेटीत विसर्जनाचा प्रकाश टिपणारे हे साधन विद्युत गोंगाटापासून मुक्त असते. परंतु खाचेत दडलेल्या विसर्जनाचा प्रकाश बाहेर येत नसल्याने त्याचा उपयोग मुख्यतः तारांचे नमुने तपासताना होतो.

चाचणीची रीत

चाचणीपूर्वी गुंडाळी स्वच्छ व कोरडी असावी लागते. कमी दाबापासून सुरुवात करून दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि प्रत्येक टप्प्यावर ठरावीक संख्येने आवेग देतात. एकच आवेग देऊन भागत नाही. विसर्जन सुरू होण्यासाठी फटीत योग्य जागी एक तरी मुक्त इलेक्ट्रॉन असावा लागतो. असे इलेक्ट्रॉन विश्वकिरण व नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे अधूनमधून निर्माण होतात. सूक्ष्म पोकळीत तो उपलब्ध होण्यापूर्वीच क्षणिक आवेग संपून जाऊ शकतो. त्यामुळे पुरेसा दाब असूनही एखाद्या आवेगात विसर्जन होते, तर दुसऱ्यात होत नाही.

या अनिश्चिततेमुळे मर्यादा दाबाची व्याख्या संख्येवर आधारलेली आहे. वाढत्या दाबाखाली एकाच ध्रुवतेच्या दहा आवेगांत पाचांहून अधिक विसर्जने ज्या किमान दाबाला आढळतात, त्याला पुनरावर्ती आंशिक विसर्जनाचा आरंभ-दाब म्हणतात. दाब कमी करत आणताना दहा आवेगांत पाचांहून कमी विसर्जने ज्या कमाल दाबाला उरतात, तो विराम-दाब होय. हे दोन्ही दाब आवेगाच्या शिखरापासून शिखरापर्यंत मोजतात. विराम-दाब सामान्यतः आरंभ-दाबाहून कमी असतो. एकदा सुरू झालेले विसर्जन थोड्या कमी दाबालाही चालू राहते. म्हणून एखाद्या क्षणिक अतिदाबाने विसर्जन सुरू झाले, तर नेहमीच्या दाबालाही ते थांबेल काय, हे विराम-दाबावरून ठरवता येते. आवेगांखालील मोजणीची ही रीत आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्रज्ञान आयोगाच्या ६१९३४ या तांत्रिक विनिर्देशात आहे.

चाचणी प्राणघातक दाबाला होत असल्याने तपासणाऱ्याने सुरक्षित अंतर ठेवणे आणि चाचणी संपताच गुंडाळी भूसंपर्कित करणे आवश्यक असते.

खरी खूण व गोंगाट

गाळणीतून आलेला प्रत्येक स्पंद विसर्जनाचाच असेल असे नाही. सर्ज परीक्षकाचा स्विच मिटताना तोही उच्च वारंवारतेचा गोंगाट करतो. सैल जोडणीत ठिणगी पडते. परिसरातील भ्रमणध्वनी व रेडिओ यांचे संकेतही अँटेना पकडते. त्यांतून खरी खूण ओळखण्याचे काही निकष आहेत.

स्विचाचा गोंगाट अगदी कमी दाबालाही असतो आणि दर आवेगात नेमक्या त्याच क्षणी येतो. दाब वाढेल तसा तो थोडाथोडा वाढतो. विसर्जन एका विशिष्ट दाबाखाली मुळीच नसते आणि त्यावर एकदम प्रकट होते. त्याची वेळ व उंची दर आवेगात थोडी बदलते. ते बहुधा आवेगाच्या चढत्या कडेजवळ, शिखराजवळ किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही आंदोलनांत दाब वेगाने बदलत असताना आढळते. बाहेरच्या प्रक्षेपणाचा आवेगाशी कालसंबंध नसतो. म्हणून गुंडाळी न जोडता, किंवा निर्दोष असल्याची खात्री असलेला नमुना जोडून, आधी गोंगाटाची पातळी पाहून ठेवणे ही चांगली पद्धत मानली जाते.

परिस्थितीचा परिणाम

आरंभ-दाब हा केवळ निरोधनाचा गुणधर्म नाही. हवामानावरही तो अवलंबून असतो. वायुदाब कमी झाला की मोटरमध्ये आढळणाऱ्या बहुतेक फटींत विसर्जन कमी दाबाला सुरू होते. त्यामुळे समुद्रसपाटीला निर्दोष ठरलेली मोटर उंच डोंगरी प्रदेशात तशीच राहील असे धरता येत नाही. सुमारे १० किलोमीटर उंचीवर वायुदाब समुद्रसपाटीच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतका उरतो. विमानांतील विद्युत यंत्रांच्या रचनेत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तापमान व आर्द्रता यांमुळेही आरंभ-दाब बदलतो. म्हणून अहवालात विद्युत दाबाबरोबर तापमान, आर्द्रता व वायुदाब, तसेच आवेगाचा चढण्याचा काळ नोंदवणे आवश्यक असते. या नोंदींशिवाय दोन दिवशी केलेल्या चाचण्यांची तुलना करता येत नाही.

निकालाचा अर्थ व मर्यादा

ड्राइव्हवर चालणाऱ्या यंत्रांच्या निरोधनाचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात चालू स्थितीत आंशिक विसर्जन मुळीच होऊ नये, अशी अपेक्षा असते. एनॅमल तारेच्या कमी दाबाच्या मोटरी बहुधा या प्रकारात मोडतात. त्यांच्या बाबतीत आरंभ-दाब प्रत्यक्ष वापरातील कमाल दाबापेक्षा पुरेसा वर असावा लागतो. दुसऱ्या प्रकारात विसर्जन होणार हे गृहीत धरून ते सोसणारे, मुख्यतः अभ्रकयुक्त निरोधन वापरतात. तेथे विसर्जन आढळणे हाच दोष ठरत नाही. या दोन प्रकारांसाठी ६००३४ या मानकमालिकेत स्वतंत्र भाग आहेत. एकाच निकालाचा अर्थ यंत्राच्या प्रकारानुसार बदलतो, हे लक्षात न घेतल्यास चांगली यंत्रे नाकारली जातात किंवा सदोष यंत्रे स्वीकारली जातात.

आवेगांखालील खुणेची उंची मिलिव्होल्टमध्ये मिळते. ती अँटेनाचे स्थान, केबलची लांबी आणि गुंडाळीतील विसर्जनाची जागा यांवर अवलंबून असल्याने तिचे पिकोकूलोममध्ये विश्वसनीय रूपांतर होत नाही. म्हणून मुख्य भर खूण किती मोठी आहे यावर न देता ती किती दाबाला सुरू होते यावर दिला जातो. विसर्जन गुंडाळीत नेमके कोठे होते, हेही या चाचणीतून सहसा कळत नाही. तसेच चाचणीचा प्रत्येक आवेग निरोधनाची किंचित झीज करतो. त्यामुळे आरंभ-दाबाच्या वर गरजेपेक्षा अधिक काळ चाचणी चालवली जात नाही.

आरंभ-दाब कमी आढळल्यास वार्निश किंवा राळ पुन्हा भरणे, फेजांमध्ये निरोधक कागद घालणे, अधिक जाड एनॅमलची किंवा धातूच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म कण मिसळलेल्या एनॅमलची तार वापरणे, केबल आखूड करणे अथवा ड्राइव्ह व मोटर यांमध्ये दाबाची कड सौम्य करणारी गाळणी बसवणे हे उपाय योजता येतात. मोटर जळण्यापूर्वी या उपायांची निवड करता येते, हा या चाचणीचा मुख्य लाभ होय.

हेही पाहा

विद्युत मोटर
विद्युत निरोधक
पाशेनचा नियम
किरीट विसर्जन
धारित्र